जित्या बोटाचा आवाज

केसरीनाथ म्हात्रे खारबावला मुलगी पाहायला गेला आणि तिथल्या ओसरीवर बसून त्याने बोटे मोडली. यापलीकडे त्याच्या हातून काही घडले नाही. चहा सांडला नाही, कुणाला उलट उत्तर दिले नाही, नव्या टेरिकॉटच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा शेवटपर्यंत टिकली. तरी त्या बोटांनी जो घोळ घातला तो निस्तरताना त्याच्या आईच्या, मामाच्या आणि खारबावच्या एका म्हशीच्या नाकी नऊ आले.

सवय जुनी होती. केसरीनाथ भिवंडीत नारपोलीला लूमच्या कारखान्यात फिटर होता. सकाळी उठला की आधी हाताची बोटे, मग पायाची, मग मान एकदा उजवीकडे नि एकदा डावीकडे, शेवटी कंबर, असा सगळा सांगाडा तो वाजवून घेई. त्याशिवाय त्याला उठल्यासारखे वाटत नसे. कारखान्यात याचा कुणाला पत्ता नव्हता. तिथे लूमचा खडखडाट एवढा की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. सगळे बोलणे हातवाऱ्यांनी चालते. पंजा आडवा फिरवला की लूम बंद, बोट गोल फिरवले की चालू, अंगठा ओठाला लावला की चहा. एकदा भर दुपारी वीज गेली, सगळे लूम एकदम थांबले आणि त्या शांततेत केसरीनाथची करंगळी वाजली. तेव्हा कामगारांनी दचकून वर पत्र्याकडे पाहिले होते.

घरात मात्र त्याच्या आईला, गोदूबाईला, तो आवाज अजिबात खपत नसे. “हाडं हायत का चुलीतल्या काटक्या?” ती आतून ओरडायची. “एक दिवस मोडून हातात येतील, मंग बस घेऊन!” केसरीनाथ तेवढ्यापुरता हात खिशात घाली आणि खिशातल्या खिशात अंगठा वाजवी.

खारबावचे स्थळ आणले होते त्याच्या मामाने. भाऊमामाचा गवताचा धंदा होता. गवत विकत घ्यायला तो खारबावला जाई आणि तिथल्या बाळाराम पाटलाच्या घरी चहा पिऊन येई. बाळारामची मुलगी तुळजा सातवी शिकलेली, कामाला चटपटीत. आई लहानपणीच गेलेली, म्हणून तिला वाढवले होते बाळारामच्या थोरल्या बहिणीने, राहीआत्याने. घरात शब्द चालायचा तो आत्याचा. बाळाराम दाढीसुद्धा बहिणीला विचारून करायचा, असे भाऊमामा सांगे आणि ते फारसे खोटे नव्हते.

तर पाहण्याच्या दिवशी सगळे ओसरीवर बसले होते. मुलगी अजून आत होती. समोर अंगणात म्हैस बांधलेली होती आणि राहीआत्या पाहुण्यांना म्हशीचे कौतुक सांगत होती. केसरीनाथला घाम फुटला होता. याआधी दोन ठिकाणी नकार आला होता आणि आता नुसती तुळजाची सावली आत हलली तरी तो कॉलर सावरत होता. अशा वेळी हात आपोआप एकमेकांकडे जातात.

“सकालचा हांडा भरते, सांजचा हांडा भरते,” आत्या म्हणाली.

कट्ट.

“सगल्या गावात अशी म्हैस कोनाच्या दारात न्हाय.”

कट्ट. कट्ट.

आत्या थांबली. तिने केसरीनाथच्या हातांकडे पाहिले, तिथून त्याच्या नजरेकडे पाहिले. नजर सरळ म्हशीवर होती, कारण समोर पाहण्यासारखे दुसरे काही नव्हते. गोदूबाईने मुलाच्या मांडीला चिमटा काढला. पण सुरुवात झाली की दहाही बोटे झाल्याशिवाय केसरीनाथला चैन पडत नसे, आणि ती झालीच. मधूनमधून आतूनही कट्ट होत होते. चुलीत लाकूड तडकत असेल, असे त्याला वाटले.

मग तुळजा चहा घेऊन आली. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलेच नाही. पाहिले ते त्याच्या बोटांकडे. खालचा ओठ दातांत धरून हसू दाबले आणि कपबश्या ठेवून निघून गेली. केसरीनाथने तिथल्या तिथे ठरवले, करीन तर हिच्याशीच. परतताना एसटीत त्याने मामाला तसे सांगूनही टाकले.

आता बायकांनी कुणाच्या नावाने बोटे मोडली तर तो तळतळाट, आणि तोंडावरून हात ओवाळून कानशिलावर मोडली तर ती माया, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिशीकडे झुकलेल्या पुरुषाने दुसऱ्याच्या ओसरीवर बसून, दुसऱ्याच्या म्हशीकडे पाहत बोटे मोडली तर ते काय समजायचे, याचा नियम कुणी केलेला नव्हता. तो राहीआत्याने केला.

दोन-तीन दिवसांनी भाऊमामा पडलेल्या चेहऱ्याने घरी आला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. गोदूबाईने पाणी आणले.

“म्हैस दूध देत न्हाय,” मामा म्हणाला.

“कोनाची?”

“आत्याची. तुझ्या पोरानं बोटं मोडली त्या सांजेपासून तिनं पान्हा चोरलाय. कासंला हात लावू देत न्हाय.”

“मामा, मी म्हशीवर न्हाय मोडली!” केसरीनाथ कळवळून म्हणाला.

“मंग कोनावर मोडली?”

केसरीनाथने ती कुणावरच मोडली नव्हती. पण एखाद्या माणसाने काही कारण नसताना स्वतःची बोटे मोडावी, यावर खारबावात कोण विश्वास ठेवणार?

“आत्याचं म्हननं काय, की पोऱ्या म्हशीचं दूध आटवतो तो उद्या पोरीचं काय करंल,” मामा म्हणाला. “आता तू एक कर. सवय सोड. सोडली म्हनून मी सांगतो तिकडं. बगू, आयकते का.”

सवय सोडायची तर आधी ती वाईट आहे हे केसरीनाथला पटायला हवे होते. म्हणून गोदूबाई त्याला नारपोलीतल्याच एका दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी त्याला एक बोट मोडून दाखवायला सांगितले, ते ऐकले आणि तोंड वाकडे केले.

“फार वाईट सवय. सांधे झिजतात याने. म्हातारपणी बोटांना गाठी येतील, हातात कप धरता यायचा नाही.”

गोदूबाईचा जीव खालीवर झाला. “कवा येतील, डॉक्टर?”

“येतील की. तीस-चाळीस वर्षांत.”

“हां,” गोदूबाईने श्वास सोडला. “लगीन तं माघात करायचं हाय.”

तिथून निघाल्यावर धामणकर नाक्यावर केसरीनाथ दाढीला बसला. न्हावी छेदीलाल दाढी झाली की गिऱ्हाईकाची मान फुकट मोडून देत असे आणि त्यासाठी त्याच्याकडे लांबून लोक येत. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकून त्याने वस्तरा खाली ठेवला.

“कौन बोला खराब है? अरे भैया, चटकाने से नस खुलती है. खून दौड़ता है. हमारे दादाजी आखरी दिन तक चटकाते थे.” आणि बोलता बोलता त्याने केसरीनाथच्या हनुवटीला हात घालून असा झटका दिला की बाकावर बसलेल्यांनी वा म्हटले.

गोदूबाई दारातच उभी होती. तिने पदर सावरून विचारले, “तुमच्या दादाजीच्या बोटांना गाठी व्हत्या का?”

छेदीलालने टॉवेल झटकला. “गाँठ तो थी, माताजी,” तो म्हणाला, “मगर बाकी तबियत एकदम फर्स्ट क्लास.”

म्हणजे दोघांचे म्हणणे ऐकूनही केसरीनाथ होता तिथेच राहिला. मान मात्र फार हलकी झाली होती. पण प्रश्न तब्येतीचा नव्हता, तुळजाचा होता. घरी आल्यावर त्याने आपणहून दोन्ही हात आईपुढे केले आणि म्हणाला, “बांध.”

ही युक्ती डॉक्टरांचीच होती. सवय सुटेपर्यंत बोटे बांधून ठेवा, असे ते म्हणाले होते. गोदूबाईने जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या. पण नुसते कोरडे फडके बांधायचे तिच्या जिवावर आले. बांधतोच आहोत तर औषध लावून बांधू, म्हणून तिने हळद आणि चुना कालवला, दहाही बोटांना जाड लेप दिला आणि मनगटापर्यंत पट्ट्या आवळल्या. हळदीत चुना पडला की ती लालभडक होते, हे तिला माहीत होते. मुरगळलेल्या पायावर असा लेप तिने कितीदा दिला होता. फक्त ते बाहेरून कसे दिसेल याचा विचार तिने केला नाही. सकाळपर्यंत लेप पट्ट्यांतून चांगला बाहेर फुटला होता.

तसाच केसरीनाथ ड्युटीवर गेला. तिथे गेल्यावर त्याच्या लक्षात आले की आपण मुके झालो आहोत. पंजा आडवा फिरवायला पंजा सुटा हवा. त्याने एका विणकराला लूम बंद कर म्हणून खूण केली तर तो चहा आणायला गेला. दुसऱ्याला चालू कर म्हणून सांगितले तर त्याला वाटले, हा ठोसा दाखवतो आहे. त्याने लूम सोडून बाह्या सरसावल्या. तोवर पहिल्याच्या लूमवर ताण्याचे धागे तुटून त्यांचा गुंता झाला होता. शेठ धावत आला आणि केसरीनाथला दंडाला धरून बाहेर घेऊन गेला.

“बेटा, तेरा मुँह तो चलता है,” शेठ समजावून म्हणाला, “मगर इधर मुँह का काम नहीं है. घर जा. हाथ खुलेंगे तब आ.”

म्हणून भर दुपारी केसरीनाथ धामणकर नाक्यावरून घरी निघाला. हात खाली सोडले की ठणकत होते, म्हणून ते त्याने छातीशी वर धरले होते. दोन्ही हातांना मनगटापर्यंत पट्ट्या, त्यावर लाल डाग, चेहरा उतरलेला आणि येतोय लूमच्या कारखान्याकडून. भिवंडीत अशा माणसाला काय झाले म्हणून कुणी विचारत नाही. लोक बाजूला होऊन वाट देतात. एका टांगेवाल्याने तर टांगा थांबवून त्याला फुकट बसायला सांगितले. केसरीनाथला हे सगळे फार चांगुलपणाचे वाटले.

नाक्यावर वालाच्या शेंगांची पाटी घेऊन खारबावची पुतळाबाई बसली होती. मुलगी पाहायला आला होता त्या दिवशी तिने या मुलाला पाहिले होते. तिने पाटी तशीच डोक्यावर घेतली आणि मिळाली ती एसटी पकडली. एसटीत बसताना केसरीनाथची दोन बोटे गेली होती. वाटेत शेजारणीने विचारले तेव्हा एक हात गेला. खारबावच्या फाट्यावर उतरून पुतळाबाई बाळारामच्या दारात पोचली तोवर दोन्ही हात मनगटापासून गेले होते आणि शेठने त्याला कामावरून हाकलले होते.

वाईट एवढ्याचेच वाटते की त्याच दिवशी खारबावात सगळे नीट झाले होते. बाळारामला आदल्या सांजेला दिसले की रेडकाचे दावे सैल आहे आणि रेडकू रोज धारेआधीच येऊन पिऊन जाते. दावे आवळले, सकाळी म्हशीने हांडा भरला. राहीआत्याने भाऊमामाला बोलावून घेतले आणि पोऱ्याला उगाच बोल लावला, आम्ही नारळ घेऊन येतो, असे स्वतःच्या तोंडाने सांगितले. मामा चहाचा घोट घेत होता. तेवढ्यात पुतळाबाई आली.

संध्याकाळी मामा रडतच नारपोलीला घरात शिरला. केसरीनाथ पट्ट्या सोडून भात-कालवण जेवत होता. मामाने त्याचा खरकटा हात धरून दिव्याखाली नेला, एकेक बोट चाचपले आणि मग त्याला शिव्या घातल्या. सगळी हकिकत कळल्यावर गोदूबाई कपाळाला हात लावून खाली बसली.

“सकालच्या एसटीनं चला,” मामा म्हणाला. “आपन सांगून न्हाय भागनार. बोटं नेऊन दाखवायला लागतील.”

दुसऱ्या दिवशी तिघे खारबावला गेले. ओसरीवर बसा म्हणायलाही कुणी तयार नव्हते. राहीआत्या आतून आली, केसरीनाथसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “दाव.”

त्याने हात पुढे केले. बोटे सगळी होती, पण आवळून बांधल्याने सुजलेली, ताठ आणि गाजरासारखी लाल. आत्याने प्रत्येक बोट ओढून पाहिले, दाबून पाहिले.

“हायत तं खरी,” ती म्हणाली. “पन जीव हाय का यांच्यात? लाकडाची बसवली असंल तं आमाला काय कलनार?”

“इनबाय, बांधली व्हती म्हनून ताठ झाल्यात,” गोदूबाई होणाऱ्या विहिणीला म्हणाली. “हलदीचा रंग हाय तो.”

“वाकव,” आत्याने हुकूम केला. बोटे अर्धी वाकली आणि थांबली. आत्याने मान हलवली. “मी सांगते आयका. जित्या बोटाला आवाज असतो. मेल्या बोटाला नसतो. मोड.”

“काय?” केसरीनाथने विचारले.

“बोटं मोड. वाजली तं जिती.”

केसरीनाथने आईकडे पाहिले. ज्या माउलीने लहानपणापासून या सवयीसाठी त्याला बदडले होते ती म्हणाली, “मोड रं बाबा. सगली मोड.”

त्याने हात वर घेतले, तशी आत्या ओरडली, “थांब! म्हशीकडं पाठ कर आधी.”

केसरीनाथ वळून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बाळारामनेही खबरदारी म्हणून अंगणात जाऊन म्हशीच्या तोंडापुढे गोणपाट धरले. मग केसरीनाथने बोटे मोडली. बांधून ठेवल्यामुळे ती उपाशीच होती. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत आधी उजवी आणि मग डावी अशी काही वाजली की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. केसरीनाथच्या डोळ्यांत पाणी आले. लोकांना वाटले, दुखले असेल. त्याला इतके बरे आयुष्यात कधी वाटले नव्हते.

राहीआत्या एक नमुना होती, पण चुकली तर ते ती चारचौघांत मोठ्याने कबूल करी. “जिती हायत,” ती म्हणाली. “पोऱ्या सोन्यासारखा हाय. मीच मेली उगाच काय काय बोलली.” आणि ती पुढे आली. केसरीनाथच्या डोक्यावरून, गालांवरून दोन्ही हात फिरवले, इडा पिडा टलू दे म्हटले आणि मुठी कानशिलावर ठेवून दाबल्या.

काहीच वाजले नाही.

तिने पुन्हा दाबल्या. एकही बोट बोलले नाही. ओसरीवरचे सगळे आपापल्या पायांकडे पाहू लागले. माया असली की बोटे कडाकडा वाजतात हे लहान पोरांनासुद्धा ठाऊक. न वाजणे चांगले नाही, नव्या सोयरिकीच्या दारात तर नाहीच नाही. आणि गोदूबाईने सकाळपासून पुष्कळ गिळले होते. बाजारातला बैल तपासावा तसा तिच्या मुलाला तपासला गेला होता.

“इनबाय,” ती अगदी गोड आवाजात म्हणाली, “जित्या बोटाला आवाज असतो ना?”

भाऊमामाने डोळे मिटून घेतले.

आत्या चिडली असती तर परवडले असते. पण ती चिडली नाही. ती आपल्या हातांकडे पाहत राहिली. त्या हातांनी तिने भात लावला होता, झोडला होता, आईवेगळी पोर वाढवली होती. “पयले वाजायची,” ती हळूच म्हणाली. “तुलजाला न्हाऊ घालायची तवा पार रस्त्यावर आवाज जायचा.” केसरीनाथला तिची इतकी दया आली की लग्नाचे क्षणभर तो विसरला. मग ते आठवले. आता दोघींपैकी एकीने जरी पुढचा शब्द उच्चारला तरी सगळे संपणार होते.

त्याने हात पाठीमागे नेले आणि गुपचूप बोट ओढले. आत्याच्या जागी आपण वाजवू, कुणाला कळणार आहे! बोट वाजले नाही. दुसरे ओढले, तेही नाही. ज्याला ही सवय आहे त्याला हे माहीत असते. एकदा मोडलेले बोट लगेच पुन्हा वाजत नाही, त्याला वेळ द्यावा लागतो. आणि त्याने तर आताच पुरावा म्हणून दहाही खर्चून टाकली होती. पायाची मोडावी तर पाय उघडे, सगळ्यांच्या नजरा खालीच वळलेल्या. मान मोडावी तर नकार दिल्यासारखे दिसेल.

“आक्का, राहू दे,” बाळाराम गोणपाट घेऊन परत येत म्हणाला.

“न्हाय. एकदा आजून,” आत्या म्हणाली. ती दोन पावले मागे सरली, आतल्या खोलीच्या दाराला पाठ टेकली, डोळे मिटले आणि मुठी कानशिलावर ठेवून सगळा जीव लावून दाबल्या.

कट्ट. कट्ट. कट्ट कट्ट कट्ट.

आत्याने डोळे उघडले. एक नाही, दोन नाही, बोटे वाजतच होती. तिने थक्क होऊन मुठी खाली घेतल्या आणि त्यांना उलटसुलट करून पाहू लागली. गोदूबाईचा चेहरा लोण्यासारखा झाला. “बाय बाय, केवढी माया!” म्हणत तिने पदर डोळ्यांना लावला. “मी मेली काय बोलून गेली, इनबाय.” दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बाळारामने गोणपाटाने डोळे पुसले. भाऊमामा लगबगीने नारळ शोधायला उठला.

केसरीनाथ तेवढा उभ्या जागी उभा होता. या विषयात त्याचा कान तयार होता. म्हाताऱ्या हाडाचा आवाज इतका स्वच्छ येत नाही. ही तरुण बोटे होती, करंगळीपासून सुरुवात करून शिस्तीत मोडलेली. आणि आत्याने मुठी खाली घेतल्यानंतरही दोन वाजली होती. म्हणजे सुरुवात झाल्यावर दहाही पुरी केल्याशिवाय चैन न पडणारे कुणीतरी त्या दारामागे उभे होते. त्याने दाराच्या फटीतून आत पाहिले. आत कणगी होती, देव्हारा होता, पण चूल नव्हती. चूल मागच्या पडवीत होती, धूर तिथूनच येत होता. तर त्या दिवशी तडकले ते लाकूड नव्हते.

चहा आला. तुळजाने थाळा खाली ठेवला आणि मान खाली घालून उभी राहिली. दोन्ही हात पदराखाली होते.

राहीआत्याचे मन आता मोठे झाले होते. “काय इचारायचं तं इचार रं पोरीला,” ती केसरीनाथला म्हणाली. “मंग सांगू नको, आत्यानं बोलू दिलं न्हाय. रांधायचं इचार, शिवनाचं इचार.”

केसरीनाथने कपातला चहा बशीत ओतला, बशी तशीच हातात धरली आणि बराच विचार केला.

“पायाची पन?” त्याने विचारले.

ओसरीवर कुणालाच काही कळले नाही. गोदूबाईने मामाकडे पाहिले, मामाने खांदे उडवले. तुळजाने खालचा ओठ दातांत धरला. मान वर न करता, पण ऐकू येईल असे ती म्हणाली, “मान पन.”

“काय म्हनाली?” आत्याने पुढे वाकून विचारले.

“हो म्हनाली,” केसरीनाथने सांगितले आणि चहा प्यायला.